पाळणाघरातल्या मावश्या-ताईंसाठी मानसिक आरोग्य सल्लागार: नेमकं काम काय द्यायचं?

ओटीवरची
नमस्कार मंडळी. दीड ते पाच वर्षांची ४२ मुलं, ५ मावश्या, बालवाडीच्या २ ताई आणि स्वयंपाकाच्या एक काकू, असं पाळणाघर आहे. पालकांकडून सूचना आली की बालमानसशास्त्र शिकलेल्या कुणाला तरी महिन्यातून दोनदा बोलवा. सूचना पटली, पण बोलवून त्या व्यक्तीने करायचं काय? चावणारी-ढकलणारी तीन-चार मुलं एकेक करून दाखवायची, ताईंचं प्रशिक्षण घ्यायला सांगायचं, की पालकांसाठी व्याख्यान ठेवायचं? तिन्हींचे दर वेगळे, आणि तिन्हींत मावश्या कुठेच दिसत नाहीत. जाणकारांनी तपशिलात लिहा. 'मुलांशी प्रेमाने वागा' सोडून काहीही चालेल.

कडबोळं
व्याख्यान ठेवाच. ज्यांनी ऐकायला हवं ते सोडून बाकी सगळे येतात.

पाटीपेन्सिल
तिन्ही नको. तुम्हाला हवंय ते चौथं काम आहे. त्याला मराठीत धड नाव नाही, म्हणून सगळा घोळ होतो.

मुलाला वेगळ्या खोलीत नेऊन त्याच्याशी खेळत बसणं म्हणजे उपचार. सगळ्या ताईंना सतरंजीवर बसवून दोन तास बोलणं म्हणजे प्रशिक्षण. सल्लागार मात्र तुमच्या खोलीत येऊन बसतो, बघतो आणि मग मुलाला सांभाळणाऱ्या बाईबरोबर काम करतो. त्याचं अशील म्हणजे मावशी. मुलापर्यंत फायदा पोचतो तो तिच्या हातून.

पद्धत टंचाईतून जन्मलेली आहे. जेराल्ड कॅप्लन हे मनोविकारतज्ज्ञ १९४९च्या सुमारास इस्राएलमध्ये काम करत होते. स्थलांतरित मुलं हजारोंनी, ती राहत होती त्या संस्था शंभरावर, आणि तपासणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एकेक मूल दवाखान्यात आणून तपासणं अशक्यच होतं. मग त्यांनी संस्थांत जाऊन तिथे सांभाळणाऱ्यांशीच बोलायला सुरुवात केली. आपल्याकडचा हिशेब त्याहून वेगळा नाही.

आता काम कसं चालतं ते. एक भेट तीन तासांची धरा. त्यात दीड तास बघणं, पाऊण तास सगळ्यांची बैठक, उरलेल्या वेळात एखाद्या मावशीशी किंवा ताईशी निवांत बोलणं. पंधरा दिवसांतून एक भेट, निदान सहा महिने. पहिल्या दोन भेटींत काहीही सुचवायचं नाही, फक्त बघायचं. बघायचं तेही बरोबर वेळेला. गाणी-गोष्टी चालू असताना येणाऱ्याला सगळं छानच दिसतं. सकाळचा निरोप, हात धुवायची रांग, डबा, शी-शू, झोपवणं आणि संध्याकाळी पालक यायची वेळ, या वेळा बघायच्या. मुलं बिघडतात ती दोन कामांमधल्या फटीत.

तिसऱ्या भेटीपासून बैठक. मुलं झोपलेली असताना घ्यायची. पण झोपलेल्या मुलांपाशीही जागं माणूस लागतं, त्याची सोय आधी करा. ती नसली की बैठक 'पुढच्या वेळी' होते आणि पुढची वेळ येत नाही.

बैठकीतून एकच बदल ठरवायचा आणि तो तीन आठवडे चालवायचा. दहा उपायांची यादी देणारा सल्लागार भेटला तर चहा पाजून निरोप द्या.

निवडुंग
सगळं गोड आहे. पण आठ तास उभी राहणारी, रजा घेतली की पगार कापला जाणारी बाई दमते, तेव्हा तिला सल्लागार नको असतो, दुसरी मावशी हवी असते. पगार आणि माणसं वाढवायची नसली की समुपदेशन आणतात. कारखान्यात जशी ताणमुक्तीची शिबिरं घेतात तसंच हे.

साळुंकी
निवडुंग, +१. आणि पाळणाघराचं निदान मालकिणीच्या हातात तरी आहे. अंगणवाडीत काय चालतं ते बघा. एकाच सेविकेने हजेरी लावायची, पोषण ट्रॅकर नावाचं सरकारी अ‍ॅप भरायचं, वजन-उंची घ्यायची, घरपोच आहार वाटताना लाभार्थीच्या चेहऱ्याची ओळख पटवायची, गृहभेटी करायच्या, सर्वेक्षणं करायची आणि उरलेल्या वेळात 'आकार' या अंगणवाडीच्या अभ्यासक्रमाप्रमाणे शिकवायचं. नेटवर्क गेलं की फोन उंच धरून ओट्यावर उभं राहायचं. मदतनीस आहार शिजवत असते. तेवढ्यात एखादं मूल दुसऱ्याच्या डोक्यात पाटी घालतं आणि अहवालात 'सेविकेचे लक्ष नव्हते' असं लिहिलं जातं.

मागण्यांसाठी राज्यातल्या सेविका-मदतनिसांना ४ डिसेंबर २०२३पासून बेमुदत संपावर जावं लागलं होतं. त्यांना 'तुमच्या भावना समजून घ्या' म्हणून सांगायला कोण जाणार?

कडबोळं
पाटी अजून आहे? मला वाटलं आता फक्त ट्रॅकर डोक्यात घालतात.

पाटीपेन्सिल
निवडुंग, तुमचा मुद्दा मान्य, पण सल्लागाराने ठेवायला लावलेल्या नोंदी त्याच मुद्द्याच्या कामी येतात. कसं ते खाली चावण्याबद्दल कुणी लिहिलं तर कळेल. भरतीओहोटी, आहात का?

भरतीओहोटी
आहे.

चावणं हे दीड ते अडीच वर्षांच्या गटात येतंच. बोलायला शब्द नसतात, दात येत असतात, जागा अरुंद आणि हवी ती गाडी एकच. म्हणून 'हा का चावतो' विचारत बसू नका, 'कधी चावतो' ते लिहा. एक पाठकोरा कागद भिंतीला लावायचा, त्याला दोऱ्याने पेन बांधायचं. रकाने पाचच: वार, वेळ, त्याआधी काय चाललं होतं, कोण मोठं माणूस जवळ होतं, नंतर काय झालं. नमुन्यादाखल:

सोमवार, ११:४०, हात धुवायची रांग, एक मावशी नळापाशी, रडारड.
मंगळवार, ११:५०, रांग, एक मावशी नळापाशी, चावणाऱ्याला उचलून बाजूला नेलं.
बुधवार, ४:१५, लाल गाडीवरून ओढाताण, दोघी हजर, लगेच सोडवलं.
गुरुवार, ११:४५, रांग, एक मावशी नळापाशी, पुन्हा उचललं.

आता वाचा. चारांतल्या तीन नोंदी पावणेबाराच्या आसपासच्या, आणि तिन्ही वेळा मावशी एकटी, कारण दुसरी डबे गरम करायला गेलेली. मुलं भुकेली, रांगेत एकमेकांना चिकटलेली, हात रिकामे. शिवाय चावलं की कडेवर मिळतं, हेही त्या मुलाला दोन दिवसांत कळलं. यात त्या मुलाच्या स्वभावाचं काही नाही. डबे साडेअकराच्या आधी गरम करून ठेवा, रांग मोडून चार-चारच्या गटाने हात धुवा, बाकीच्यांना तोवर गाण्यात बसवा. लाल गाड्या दोन आणा, एकसारख्या. 'वाटून खेळा' हे दोन वर्षांच्या मुलाला सांगून उपयोग नसतो.

चावलं त्या क्षणी आधी ज्याला चावलं त्याच्याकडे जायचं. जागा साबण-पाण्याने धुवायची, कातडी फाटली असेल तर डॉक्टर. चावणाऱ्याला एकच छोटं वाक्य, 'चावायचं नाही, दुखतं', आणि बस्स. उलटं चावून दाखवणं, तोंडावर चापटी, कोपऱ्यात उभं करणं, सगळं बंद. पालकांना त्याच दिवशी सांगायचं, पण कुणी चावलं ते नाव सांगायचं नाही.

निवडुंग, हाच तो कागद. 'अजून एक मावशी द्या' म्हटलं की मालक ऐकत नाही. 'साडेअकरा ते बारा एक माणूस कमी पडतं, या बघा नोंदी' म्हटलं की ऐकावं लागतं.

निवडुंग
हे आवडलं. तलवार म्यान. पगाराचा मुद्दा मात्र उभाच आहे.

वाटाण्याची शेंग
वाचनखूण साठवली. दोऱ्याने पेन बांधायची कल्पना आमच्या कचेरीतही लागू करतो.

हडसनकाठ
इकडच्या बाजूने थोडी भर. अमेरिकेत या कामाला जोर आला तो २००५च्या एका पाहणीनंतर. येल विद्यापीठाच्या वॉल्टर गिलियम यांनी सरकारी पैशावर चालणाऱ्या पूर्वप्राथमिक वर्गांतून किती मुलांना काढून टाकतात ते मोजलं. दर हजारी ६.६७ निघाले, बालवर्गापासून बारावीपर्यंतच्या वर्गांच्या तिपटीहून जास्त. म्हणजे चिमुरड्यांना काढण्याचं प्रमाण एकूण शाळकरी मुलांपेक्षा वरचढ. काढलेल्यांत मुलग्यांचं प्रमाण मुलींच्या साडेचारपट. ज्या शिक्षिकांकडे वर्गात येणारा सल्लागार नेमाने होता, तिथे हे प्रमाण कमी दिसलं. कनेटिकट राज्याने अशी सेवा राज्यभर उभी केली आहे. गरीब घरांतल्या मुलांसाठीच्या 'हेड स्टार्ट' केंद्रांना तर असा सल्लागार ठेवणं नियमानेच बंधनकारक आहे.

इथल्या मराठी आया घरगुती डेकेअर चालवतात त्यांनी आपल्या राज्याच्या बालसंगोपन खात्याकडे विचारावं. बऱ्याच राज्यांत ही सेवा केंद्राला फुकट मिळते, पण न मागता कुणी येत नाही.

साळुंकी
आपल्याकडे काढून टाकत नाहीत हो. 'थोडा मोठा झाला की आणा' म्हणतात. मोजायला गेलात तर शून्य.

ओटीवरची
साळुंकी, हे वाक्य आमच्या प्रवेशाच्या टेबलावर रोज ऐकू येतं. खजील.

भरतीओहोटी, कागद लावते. पण कागद भरायचा म्हणजे मावश्यांनी स्वतःविरुद्ध पुरावा लिहायचा असं त्यांना वाटणार. आणि 'मानसिक' शब्द कानावर पडला की 'आम्हाला वेडं ठरवायला आलेत' हे ठरलेलं.

पाटीपेन्सिल
बरोबर वाटतं त्यांना. म्हणून पहिल्या दिवसाआधी एक पानभर करार करा, सोप्या मराठीत, आणि मावश्यांसमोर मोठ्याने वाचा. त्यात तीन गोष्टी ठळक हव्यात. एक, सल्लागार कुणाच्या कामाचं मूल्यमापन करणार नाही, पगारवाढ किंवा कामावरून काढणं यात त्याचं मत विचारलं जाणार नाही. दोन, बैठकीत कोण काय बोललं ते मालकिणीकडे जाणार नाही. जाईल ते फक्त ठरलेल्या बदलाबद्दल. हे तुम्हाला जड जाईल, पण एकदा जरी 'मावशी काय म्हणाल्या?' असं विचारलंत, तर तिसऱ्या भेटीपासून सगळ्या 'छान चाललंय' म्हणतील. तीन, अपवाद: मुलाला इजा होत असेल किंवा लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर गुप्तता नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९प्रमाणे नुसती शंका असली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणाऱ्याला कलम २१प्रमाणे शिक्षा आहे. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा नंबर भिंतीवर असू द्या.

पालकांसाठी दोन वेगळे कागद. सगळा वर्ग बघण्यासाठी सगळ्यांना साधी सूचना. एखाद्या मुलाबद्दल नावानिशी बोलायचं असेल तर त्या पालकांची लेखी संमती. आणि मुलांची नावं व्हॉट्सअ‍ॅपवर अजिबात नाहीत, अगदी 'क्ष' लिहून पुढे फोटो टाकणंही नाही. हसू नका, असं होतं.

नावाचं म्हणाल तर 'समुपदेशक' नको. 'बुधवारच्या ताई' म्हणा. बुधवारी येत असतील तर.

माजघर
शब्दांवरून आठवलं. मावशी 'वांड आहे', 'द्वाड आहे', 'याला नजर लागलीय' म्हणते तेव्हा नवखा सल्लागार तिची भाषा सुधारायला बसतो. तिथेच गाडी रुळावरून उतरते. 'वांड म्हणजे काय करतो?' विचारायचं. 'ऐकत नाही.' 'कधी ऐकत नाही?' 'झोपवताना.' 'झोपवताना काय करतो?' 'चादर काढून फेकतो, बाकीच्यांना उठवतो.' 'मग तुम्ही काय करता?' 'काय करणार, थोपटते, मग ओरडते.' 'ओरडल्यावर तुम्हाला कसं होतं?' इथे साधारण गप्प व्हायला होतं. त्या गप्पपणात घाईने बोलायचं नाही. नंतर जे येतं ते कामाचं असतं: कंबर दुखतेय, घरी सासू अंथरुणाला खिळलीय, आणि या पोराचं रडणं थेट डोक्यात जातं. आता मुलाची झोपायची जागा दारापासून हलवणं आणि थोपटायची पाळी दोघींत वाटून घेणं, हे दोन्ही उपाय त्या बोलण्यातूनच निघतात. नजर काढायची असेल तर काढू द्या की. मीठमोहरीने कुणाचं काही बिघडत नाही. फक्त डोळ्यांत धूर जाऊ देऊ नका.

कडबोळं
आमची नजर काढायचं खातं कुठल्या मंत्रालयात येतं?

साळुंकी
तेही ट्रॅकरवर भरावं लागेल.

बरं, गंभीरपणे. अंगणवाडीसाठी नवीन पद निघायची वाट बघण्यात अर्थ नाही, आहे त्यातून जमवायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. बहुतेकदा तपासणी उरकून जातं. पथक यायच्या आठवडाभर आधी सेविकेने काळजी वाटणाऱ्या मुलांची नावं आणि प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहून ठेवल्या, तर त्याच भेटीत जिल्ह्याच्या शीघ्र निदान व उपचार केंद्राची चिठ्ठी मिळते. दुसरी जागा मासिक बीट बैठक, म्हणजे एका मुख्यसेविकेच्या हाताखालच्या अंगणवाड्यांची. वीस-पंचवीस सेविका एकत्र असतात, वेळ सगळा माहिती भरण्यात जातो. त्यातली ४० मिनिटं राखून एका सेविकेने एकाच मुलाबद्दल मांडायचं, बाकीच्यांनी आधी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला शेवटच्या दहा मिनिटांत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या मानसशास्त्रज्ञांना त्या ४० मिनिटांसाठी मुख्यसेविकेने पत्र द्यायचं. तोंडी निरोपावर कुणी येत नाही, पत्राला आवक क्रमांक मिळाला की येतात.

आणि सेविकेला स्वतःला झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. हा नंबर लाभार्थींसाठी म्हणून भिंतीवर लावतात, आणि लावणारीला तो आपल्यासाठीही आहे हे सुचत नाही.

बकुळवाट
अवांतर: 'अंगणवाडी' हे नाव ताराबाई मोडकांचं. बोर्डीला १९४५मध्ये काम सुरू केलं तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, मग ताराबाई आणि अनुताई वाघांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. सल्लागाराने वर्गात जायचं की मुलाला दवाखान्यात बोलवायचं, या वादाचा निकाल आपल्याकडे तेव्हाच लागलाय.

वाटाण्याची शेंग
अवांतर नाही ते. तेच मुख्य आहे.

हडसनकाठ
एक धोक्याची सूचना राहिली. बदल सुरू केल्यावर पहिले चार-पाच दिवस वागणं आणखी बिघडू शकतं. आतापर्यंत किंचाळलं की बिस्कीट मिळत होतं, ते बंद झालं की मूल आधी दुप्पट किंचाळून बघणारच. इथेच हार मानून बिस्कीट दिलं तर दुप्पट किंचाळायचं एवढंच ते शिकतं. हे मावश्यांना आधी सांगितलेलं नसेल तर शुक्रवारपर्यंत 'या बाईंच्या सल्ल्याने पोर बिघडलं' असं होतं.

निवडुंग
आणि सल्लागार निवडायचा कसा? गल्लोगल्ली ऑनलाइन प्रमाणपत्रवाले बसलेत.

भरतीओहोटी
चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. पण नोंदणी असूनही पाळणाघरात फरशीवर बसायची तयारी नसेल तर उपयोग नाही. मुलाखतीत एकच प्रश्न टाका: 'आमचा एक मुलगा फार हायपर आहे, काय कराल?' 'आणा, तपासते' म्हणाले तर ते उपचारवाले. 'कुठे, कधी, कुणाबरोबर असताना?' असं विचारलं तर तुमचा माणूस सापडला. अडीच वर्षांच्या मुलाला एका भेटीत अतिचंचलतेचा शिक्का मारणाऱ्यांपासून तर चार हात लांब. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही त्या निदानासाठी चार वर्षांच्या पुढूनच सुरू होतात.

उलट थांबायचं नाही असंही काही असतं. वर्षाचं मूल हाकेला वळून बघत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही, किंवा कुठल्याही वयात आलेली गोष्ट गेली, म्हणजे बोलत होतं ते बंद झालं. यांना 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणत ठेवून घेऊ नका. आधी कानाची तपासणी, मग विकासाची. आणि हे पालकांना दारात, चपला घालताना सांगायचं नाही. वेळ ठरवून, बसवून, काय दिसलं तेवढंच सांगायचं. रोगाचं नाव घ्यायचं काम आपलं नाही.

माजघर
सकाळच्या निरोपाचं कुणी लिहिलं नाही. मूल खेळात गुंतल्यावर आईने गुपचूप सटकायचं, हे बंद करा. थोड्या वेळाने त्याला कळतं आणि मग ते दिवसभर दाराकडे डोळे लावून बसतं, पुढच्या दिवशी आईला पायरीवरच घट्ट धरतं. सांगून जायचं, एकच ठरलेलं वाक्य, एकच पापा, आणि मागे वळायचं नाही. मूल घ्यायला रोज तीच मावशी. पाळी बदलणार असेल तर आदल्या दिवशी नवी मावशी जुनीच्या शेजारी उभी. बुधवारच्या ताईंना पहिल्या दिवशी सकाळी पावणेनऊलाच बोलवा, अकराला नाही.

ओटीवरची
सगळ्यांचे आभार. तर असं ठरवलं: व्याख्यान रद्द, मुलं 'दाखवणं' रद्द. पंधरवड्यातून एक भेट, बारा भेटी. करार पाटीपेन्सिल म्हणतात तसा, मावश्यांसमोर वाचून. बैठकीच्या पाऊण तासात झोपलेल्या मुलांपाशी मी बसणार, म्हणजे बैठकीत मी नसण्याचा प्रश्न आपोआप सुटला. भिंतीवर कागद लावला आणि दोऱ्याने पेनही बांधलं.

एक शंका. पेन मुलांच्या हाताला येऊ नये म्हणून किती उंच बांधायचं?

भरतीओहोटी
मावशीच्या खांद्याइतकं. आणि दोरा वीतभरच ठेवा, लोंबता नको.

कडबोळं
आणि टोपण नसलेलं पेन बांधा. टोपण गिळतील, मग नोंद कुठल्या रकान्यात करणार?